परवाना हाती, घर गहाण!

गेल्या आठवड्यात गोराईच्या वसाहतीत राहणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ आमच्या कचेरीत आले. काखेत कापडी पिशवी आणि पिशवीत कागदांची एक जाडजूड फाईल. तक्रार मांडताना त्यांचा स्वर कोठेही चढला नाही. उलट आपलेच काही चुकले असावे, अशा संकोचाने ते बोलत होते. फाईलीतील एक रंगीत माहितीपत्रक आमच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "साहेब, मला एवढेच सांगा, यात खोटे काय लिहिले आहे? मी पुष्कळदा वाचले. मला सापडत नाही." आम्हीही ते पत्रक दोनदा वाचले. गृहस्थांचे म्हणणे बरोबर होते. सरळसरळ खोटे म्हणावे असे एकही वाक्य त्यात नव्हते. आणि तरीही त्या पत्रकावर विसंबून एका कुटुंबाचे घर गहाण पडले आहे. हे कसे घडते आणि पुन्हा घडू नये म्हणून काय व्हावयास हवे, याचा विचार करण्यासाठी आज पहिल्या पानावरील ही जागा आम्ही योजली आहे.

गोराई म्हटले की कोणाला खाडीपलीकडचे जुने कोळीवाडे आठवतात, कोणाला पॅगोडाचा सोनेरी कळस. परंतु खाडीच्या अलीकडे, बोरिवलीच्या बाजूला आणखी एक गोराई आहे. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोप आणि गोराई येथे म्हाडाने लहान लहान भूखंड आखून दिले. लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे त्यांवर घरे बांधली. कोणी गिरणीत होते, कोणी बेस्टमध्ये, कोणी सरकारी कचेरीत. आधी एक खोली, मग माळा, मग फरशी, असे करीत एकेक घर उभे राहिले. अशा घराची किंमत केवळ चौरस फुटांत होत नाही. त्यात एका पिढीची उमेद चिणलेली असते. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांचे घर त्यांपैकीच एक होय. मुलाला वैमानिक करावयाचे म्हणून त्यांनी ते बँकेकडे तारण ठेवले. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जासाठी बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात आणि मध्यमवर्गीयापाशी तारण म्हणून घराशिवाय दुसरे असते काय?

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. बारा ते चौदा महिन्यांत पुरे होणार असे सांगितलेले शिक्षण पुरे होण्यास तीन वर्षे लागली. कधी विमान दुरुस्तीला गेले, कधी प्रशिक्षक नोकरी सोडून गेला, कधी पावसाने उड्डाणे थांबली. एवढे करून परवाना मिळाला, तो खराच मिळाला. परंतु परवाना मिळून दोन वर्षे झाली तरी विमान कंपनीची नोकरी मिळालेली नाही. मुलगा सध्या अंधेरीत एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. वडील निवृत्तिवेतनातून हप्ता भरतात. संस्थेकडे विचारणा केली, तेव्हा उत्तर आले की आम्ही नोकरीचे वचन दिलेच नव्हते. आणि कागदोपत्री ते उत्तरही खरे आहे.

आम्ही उमेदीची काही वर्षे शाळेत मराठी शिकविण्यात घालविली आहेत. विशेषण कोणत्या नामाचे, हा प्रश्न आम्ही मुलांना वर्षानुवर्षे विचारीत असू. तोच प्रश्न या माहितीपत्रकाला विचारला की सारा उलगडा होतो. पत्रकात ठळक अक्षरांत छापले आहे, 'शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य'. वाचणाऱ्या बापाच्या डोळ्यांत 'शंभर टक्के' हे शब्द भरतात आणि मनात 'नोकरी' हा शब्द उमटतो. परंतु येथे 'शंभर टक्के' हे विशेषण नोकरीचे नसून साहाय्याचे आहे. आणि साहाय्य म्हणजे काय, तर चार कंपन्यांचे पत्ते देणे हेही साहाय्यच! 'वेतन दीड लाखापासून पुढे मिळू शकते', असे दुसरे वाक्य. त्यातील 'शकते' या क्रियापदाकडे कोणाचे लक्ष जात नाही. 'आमचे विद्यार्थी आज नामांकित विमान कंपन्यांत', असे म्हणून खाली सहा हसऱ्या तरुणांची छायाचित्रे आहेत. ते सहा तरुण खरे आहेत. त्या वर्षांत एकंदर किती जणांनी प्रवेश घेतला होता, हा आकडा मात्र पत्रकात नाही. प्रत्येक शब्द सुटा घेतला तर निर्दोष, आणि सारे एकत्र घेतले तर शुद्ध फसवणूक, अशी ही रचना आहे.

या रचनेला बळकटी यावी म्हणून एक मोठा आकडा नेहमी पुढे केला जातो. देशाला तीस हजार वैमानिक हवे आहेत, असे प्रत्येक जाहिरात सांगते. हा आकडा कपोलकल्पित नाही. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनीच २०२५ साली तो सांगितला होता. परंतु ही गरज पुढील पंधरा ते वीस वर्षांची आहे, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले होते. जाहिरातीत आकडा राहतो आणि वर्षे गळतात. आता पाचवीच्या मुलालाही येणारा भागाकार करून पाहू. तीस हजारांना पंधरा ते वीस वर्षांनी भागले, तर दरसाल दीड ते दोन हजार वैमानिक होतात. आणि आपल्या देशात परवाने किती दिले जातात? २०२२ साली १,१६५ आणि २०२३ साली १,६२२. म्हणजे ज्या गरजेचा एवढा डांगोरा पिटला जातो, तिच्या जवळपास पोहोचणारे परवाने आजच दिले जात आहेत. रिकाम्या जागा हात पसरून वाट पाहत आहेत, हे चित्र या भागाकारापुढे टिकत नाही.

त्यातही गरज कोणाची, हा प्रश्न उरतोच. डिसेंबर २०२५ च्या आरंभी इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीचे नवे नियम लागू झाले आणि कंपनीला वैमानिक कमी पडले. मुंबईच्या विमानतळावर प्रवासी रात्र रात्र ताटकळले, आणि देशात वैमानिकांचा दुष्काळ आहे, अशी समजूत घरोघर पसरली. पण त्या दिवसांत कमी पडले ते तयार, अनुभवी, त्याच जातीच्या विमानावर शिकून पारंगत झालेले वैमानिक. दोनशे तासांचा परवाना घेऊन गोराईत बसलेला मुलगा त्या रात्री ते विमान नेऊ शकत नव्हता. भुकेला अन्न नाही म्हणून बियाणे चालत नाही, त्यातलाच हा प्रकार!

हा दोनशे तासांचा हिशेब वाचकांनी समजून घेणे अगत्याचे आहे. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण, पदार्थविज्ञान व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण असणे, लेखी परीक्षा आणि कडक वैद्यकीय तपासणी एवढे लागते. हे उड्डाण बहुतांशी चिमुकल्या विमानांत होते. त्यानंतर एअरबस किंवा बोइंगच्या विशिष्ट विमानावर बसावयाचे, तर त्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, ज्यास टाइप रेटिंग म्हणतात. आणि त्याला आणखी पंधरा-वीस लाख रुपये पडतात. विमानाचा कप्तान होण्यास लागणारा वरचा परवाना दीड हजार तासांच्या अनुभवाशिवाय मिळत नाही. म्हणजे पहिला परवाना हा शिडीचा पहिला दांडा होय. जाहिरात मात्र तोच गच्ची म्हणून विकते. शिवाय परवाना हा काही पदवीसारखा भिंतीवर लावून ठेवण्याचा कागद नव्हे. वैद्यकीय तपासणी दरवर्षी करावी लागते आणि उड्डाणाचा सरावही राखावा लागतो. घरी बसण्यालासुद्धा खर्च आहे!

आता पैशाचे पाहू. परवान्याच्या शिक्षणाला पन्नास लाख लागले आणि ते दहा टक्के व्याजाने काढले असे समजा. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा मासिक हप्ता सुमारे ६६ हजार रुपये पडतो. शिक्षणाचा काळ आणि पुढे एक वर्ष हप्त्याला सवलत असते खरी, पण व्याज त्या काळातही झोपत नाही. शिक्षण वर्षाऐवजी तीन वर्षे लांबले, तर त्या लांबणीचे व्याज संस्था भरीत नाही, विद्यार्थीच भरतो. विलंब एकाचा आणि दंड दुसऱ्याला, हा कोठला न्याय?

विमानाचा धंदा स्वतः किती चंचल आहे, हे मुंबईकरांना सांगावयास नको. मुंबईत मुख्य कार्यालये असलेल्या तीन विमान कंपन्या आपल्या डोळ्यांदेखत बसल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची विमाने उतरली ती पुन्हा उडाली नाहीत. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज थांबली. ३ मे २०२३ रोजी गो फर्स्ट थांबली. प्रत्येक वेळी शेकडो अनुभवी वैमानिक नोकरीच्या रांगेत आले, आणि रांगेत अनुभवी माणूस पुढे गेला की नवखा मागे सरकतो. ही घटना कोणत्याही उड्डाणसंस्थेच्या हातची नव्हती, हे मान्य. पण मग जी गोष्ट आपल्या हातची नाही, तिची आशा छापील कागदावर विकण्याचा अधिकार संस्थांना कोणी दिला?

आमच्या या लिखाणाने प्रामाणिकपणे उड्डाण शिकविणाऱ्यांवर अन्याय होऊ नये. अशा संस्था आहेत आणि त्यांच्याखेरीज देशाला वैमानिक मिळणार नाहीत. काही विमान कंपन्या स्वतःच उमेदवार निवडून, मग शिक्षणास पाठवितात. तो मार्ग महाग आहे, एकूण खर्च कोटीच्या घरात जातो. परंतु तेथे चाळणी आधी आणि शिक्षण नंतर, असा क्रम असतो. जेथे फी भरू शकणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश मिळतो आणि चाळणी नोकरीच्या दारात लागते, तेथे हा क्रम उलटा होतो. या दोन मार्गांतील अंतर जाहिरातीत मुद्दाम पुसले जाते, हे आमचे गाऱ्हाणे आहे.

मग सरकार काय करते? नागरी विमान वाहतूक महासंचालनालय विमान तपासते, उड्डाणाचे तास मोजते, परीक्षा घेते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमानांना अपघात झाला, तेव्हा त्याने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण थांबविले. २०२५ च्या ऑक्टोबरात महासंचालनालयाने प्रथमच देशातील ३५ उड्डाणसंस्थांची प्रतवारी प्रसिद्ध केली. तिच्यात वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही; १३ संस्था 'ब' श्रेणीत आणि उरलेल्या २२ संस्था 'क' श्रेणीत आल्या. ही प्रतवारी म्हणजे स्वागतार्ह पाऊल होय, आणि मुलाचा प्रवेश घेण्यापूर्वी प्रत्येक पालकाने ती पाहावी. पण संस्थेने दिलेल्या वचनाचे पुढे काय झाले, हे ती सांगत नाही. विमानाच्या इंजिनाला तपासनीस आहे. जाहिरातीच्या शब्दाला नाही.

ग्राहकांसाठी कायदा आहे, असे कोणी म्हणेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाखांपर्यंत, आणि गुन्हा पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिकवणी वर्गांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि नोकरीची किंवा निवडीची खोटी हमी देण्यास मनाई केली. हे सर्व उत्तम. परंतु राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये असा निर्णय दिला, की शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, शिकवणी वर्ग येतात. मग उड्डाणसंस्था म्हणजे शाळा की शिकवणी वर्ग? फी घेताना दुकानाची भाषा आणि दाद मागताच विद्यामंदिराची भाषा, अशी दुहेरी सोय कोणासही असता कामा नये. संसदेने भारतीय वायुयान अधिनियम केला आणि १ जानेवारी २०२५ पासून त्याने १९३४ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. त्या निमित्ताने जुने नियम नव्याने लिहिले जात असतील, तर विद्यार्थ्याच्या पैशाचे रक्षण हे एक कलम त्यांत का असू नये?

हे अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही, कारण आपल्याच राज्यात याचा धडा गिरविला गेला आहे. घर विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांनी मुंबईकर एके काळी असाच पोळला होता. हिरवळ, पोहण्याचा तलाव, स्थानकापासून पाच मिनिटे. आणि प्रत्यक्षात अर्धवट खांब! मग २०१७ साली महारेरा आली. नोंदणी क्रमांकाशिवाय जाहिरात करता येत नाही आणि खरेदीदारांकडून घेतलेल्या पैशातील सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, असा दंडक पडला. सारे बिल्डर त्यामुळे साधू झाले, असे नव्हे; पण ग्राहकाच्या हाती एक काठी आली. अभियांत्रिकी व वैद्यकीच्या खासगी महाविद्यालयांची फीही महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यान्वये एक प्राधिकरण ठरविते. पन्नास लाखांच्या घरासाठी आणि लाखाच्या फीसाठी जे संरक्षण आहे, ते पन्नास लाखांच्या शिक्षणासाठी नसावे, हा विचित्र न्याय आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पहिली गोष्ट, प्रत्येक उड्डाणसंस्थेने आपल्या जाहिरातीत मान्यतेचा क्रमांक आणि महासंचालनालयाने दिलेली श्रेणी छापलीच पाहिजे. दुसरी, मागील पाच वर्षांत दरसाल किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांना परवाना मिळाला, त्यास सरासरी किती महिने लागले आणि किती जण विमान कंपनीत वैमानिक म्हणून रुजू झाले, हे चार आकडे तपासून घेऊन प्रसिद्ध करावेत. चार आकड्यांत सारी जाहिरात मावते. तिसरी, फी एकरकमी न घेता वेगळ्या खात्यात ठेवून उड्डाणाचे तास पुरे होतील तसतशी संस्थेस मिळावी. विमान बंद पडले तर पैसाही थांबावा. २०२३ च्या एप्रिलमध्ये स्कॉटलंडमधील टेसाइड एव्हिएशन ही जुनी उड्डाणसंस्था एकाएकी बंद पडली आणि आगाऊ फी भरलेले विद्यार्थी उघड्यावर आले. तेथे घडले ते येथे घडण्याची वाट पाहू नये. चौथी, कर्ज देणाऱ्या बँकांनी केवळ तारण पाहून मोकळे न होता या चार आकड्यांकडे पाहावे. घर तारण आहे म्हणून बँकेला झोप लागते; त्या घरात राहणाऱ्याला लागत नाही.

इतरांना उपदेश करताना आमच्या स्वतःच्या घरातही डोकावले पाहिजे. या जाहिराती भिंतींवर लागतात, रिक्षांच्या पाठीवर लागतात, तशाच वृत्तपत्रांच्या पानांवरही छापल्या जातात, आणि आमची पाने त्यास अपवाद नाहीत. अग्रलेखात सावध करावयाचे आणि आतल्या पानावर त्याच आमिषाचे भाडे घ्यावयाचे, हे आम्हांस शोभणारे नाही. नोकरीची हमी सुचविणारी जाहिरात या चार आकड्यांखेरीज आमच्या पानावर येऊ नये, असा आग्रह आम्ही आमच्या व्यवस्थापनापाशी धरला आहे. तो पाळला गेला की नाही, हे वाचकांनी पाहावे आणि न पाळला गेल्यास आमचा कान धरावा.

पालकांसही एक शब्द. मुलाने वैमानिक होण्याचे स्वप्न पाहू नये, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. याच पश्चिम किनाऱ्यावर, गोराईपासून थोड्याच अंतरावर असलेल्या जुहूच्या धावपट्टीवर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले आणि भारतीय विमान वाहतुकीचा ओनामा झाला. त्या परंपरेत आपल्याही मुलाने पाऊल टाकावे, ही आकांक्षा उमदीच आहे. पण पहिली पावती फाडण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. कारण डोळ्याच्या वा कानाच्या एका दोषाने सारा डाव मोडतो. त्या संस्थेतून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या आणि छायाचित्रात नसलेल्या पाच जणांना भेटावे. आणि तोंडी दिलेले प्रत्येक वचन लेखी मागावे. वचन लेखी देण्यास जो कचरतो, त्याने आपले उत्तर दिलेलेच असते.

आमच्याकडे आलेल्या गृहस्थांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले. पत्रकात खोटे काही लिहिलेले नाही. जे लिहावयास हवे होते, ते लिहिलेले नाही. त्यांनी फाईल पिशवीत ठेवली आणि जाताना म्हणाले, "माझे नाव छापू नका. मुलाला वाईट वाटेल. तो अजून दर महिन्याला अर्ज करतो." त्यांचे नाव आम्ही छापलेले नाही. मात्र या संस्थांनी ते चार आकडे छापावेत, अशी मागणी आम्ही करीत राहू. ते छापले जातील तेव्हाच पुढच्या बापाला फाईल घेऊन वणवण करण्याची पाळी येणार नाही.